एकाच गळ्यातली गाणी

पिंपळगाव राजाच्या आमच्या घरी काकांची एक पत्र्याची पेटी आहे. जमिनीच्या जुन्या पावत्या आणि एक चष्मा यांच्यासोबत तिच्यात एक कॅसेट सापडली. कंपनीची नव्हे, भरून घेतलेली. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना आठवेल, कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दुकानदाराकडे द्यायची आणि चार दिवसांनी न्यायला जायचं. काकांनी ही खामगावहून भरून आणली होती. साठ मिनिटांची, एका बाजूला तीस. डबीत यादीचा कागदही घडी घालून ठेवलेला. गाण्यांचे पहिले शब्द निळ्या शाईत, समोर एकेक अक्षर: वि, भी, क. म्हणजे विठोबा, भीम, कव्वाली. आणि खाली दोन रेघा मारून सूचना: ‘याच क्रमाने भरणे.’

सगळी गाणी प्रल्हाद शिंद्यांची.

गेली कित्येक वर्षं मी या कागदाच्या मागे आहे. कारण दुकानात ही गाणी अशी एकत्र कधी भेटत नसत. भक्तिगीतांचा कप्पा वेगळा, भीमगीतांचा वेगळा, कव्वालीचा तिसरा. विठ्ठलाची कॅसेट आषाढीला खपायची, बाबासाहेबांची 14 एप्रिलला. गिऱ्हाईक वेगळं म्हणून वेष्टन वेगळं. गाणारा माणूस मात्र एकच होता, आणि तो अख्खा ज्यात सापडेल अशी एकही कॅसेट माझ्या पाहण्यात आली नाही.

अमेरिकेत जॉनी कॅश या गायकाला ती संधी मिळाली. तिकडच्या कंट्री संगीतातलं हे फार मोठं नाव. 1986 मध्ये त्याच्या जुन्या कंपनीनं त्याला सोडलं. पुढं रिक रुबिन या तरुण निर्मात्यानं त्याला आपल्या घरच्या बैठकीत बसवलं, हातात गिटार दिली आणि तुला जे गावंसं वाटतं ते गा म्हटलं. 1994 मध्ये ‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’ आला तेव्हा कॅश बासष्ट वर्षांचा होता. खुनाचं गाणं आणि ख्रिस्ताच्या रक्तानं मिळणाऱ्या मुक्तीचं गाणं एकाच तबकडीवर, एकाच खर्जातल्या आवाजात. पापी आणि भाविक अशी दोन माणसं त्याला करावी लागली नाहीत. आमच्या गायकाला मात्र तिघं व्हावं लागलं.

प्रल्हाद शिंदे 1933 सालचे, मंगळवेढ्याचे. घरात भजन-कीर्तन होतं. मुंबईत ते इस्माईल आझाद यांच्या कव्वाली पार्टीत कोरसमध्ये गायले. हे तेच आझाद, ज्यांची कव्वाली 1958 च्या ‘अल हिलाल’ चित्रपटामुळं देशभर गेली. शिंद्यांच्या विठ्ठलाच्या गाण्यातही वरच्या सुरात आवाज फेकण्याची जी धमक आहे ती मला त्या कोरसात घडलेली वाटते. कोरसवाल्याला माइक दूरचा मिळतो, आवाज पोहोचवायचा तर गळाच लावावा लागतो. ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ अनेकांना संतांची जुनी रचना वाटते. शब्द दत्ता पाटलांचे, चाल मधुकर पाठकांची. ते गाणं जुनं वाटावं यात शिंद्यांच्या गळ्याचा वाटा मोठा आहे.

पण मला सगळ्यात जास्त खिळवलं ते त्यांच्या गावानं. मंगळवेढा पंढरपूरपासून सुमारे 25 किलोमीटरवर. 1338 मध्ये गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून संत चोखामेळा, आपले चोखोबा, गेले ते इथंच. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला नेल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. जिवंतपणी ज्याला देवळात पाऊल टाकता आलं नाही, तो मेल्यावरही दारापर्यंतच पोहोचला. आणि चोखोबांचा जन्म परंपरा सांगते मेहुणा राजाचा, देऊळगाव राजा तालुक्यातला. म्हणजे आमच्याच बुलढाणा जिल्ह्यातला! नकाशावर मेहुणा राजा ते मंगळवेढा अशी रेघ ओढली, आणि काकांचा कागद मी पुन्हा उलगडला.

पंढरपूरचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी 1 ते 10 मे 1947 असं उपोषण केलं, तेव्हा प्रल्हाद चौदाएक वर्षांचे होते. देऊळ उघडलं. 1948 मध्ये बाबासाहेबांनी अस्पृश्यांचं मूळ शोधणारा आपला इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षेच्या वेळी जी बावीस वचनं दिली-घेतली गेली, त्यांत राम-कृष्णाला देव न मानण्याचं वचनही होतं. मग भीमगीत गाणाऱ्यानं विठ्ठल गावा का? आमच्या पारावर यावर कडाक्याचं भांडण व्हायचं. एक म्हणायचा, पोटासाठी गातो. दुसरा म्हणायचा, पोटासाठी गाणाऱ्याचा गळा असा भरून येत नाही.

मला दोघांचंही पटतं आणि दोघांचंही अपुरं वाटतं. पोट होतंच; लोककलावंताच्या पोटाला हिणवणारा मी कोण? पण चोखोबा ज्या गावात गाडले गेले तिथं जन्मलेल्या माणसाच्या तोंडी पंढरीची वाट येते, तेव्हा ती नुसती भक्ती राहत नाही. सहाशे वर्षं दाराबाहेर थांबलेल्यांचा आवाजच त्या देवाचा सर्वांत ओळखीचा आवाज झाला, याला मी हक्क म्हणतो. आणि भीमगीतात तोच गळा त्या हक्काचं कारण सांगतो. म्हणून मी या दोन गाण्यांकडे एकाच गोष्टीचे दोन भाग म्हणून पाहतो. कप्पे पाडले ते दुकानानं.

काकांना हे सगळं ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मी एकदा विचारलं होतं, विठोबाच्या मागं लगेच बाबासाहेब कसे? ते म्हणाले, “गाने एकाच गयातले हायेत, मंग कॅसेट दोन कायले?”

भीमगीतं लिहिणारे वामनदादा कर्डक 15 मे 2004 ला गेले, प्रल्हाद शिंदे त्याच वर्षी 23 जूनला. चाळीस दिवसांत लिहिणारा एक मोठा हात गेला आणि गाणारा एक मोठा गळा. काकांच्या कॅसेटची पहिली बाजू संपता संपता विठ्ठलाचं गाणं मध्येच तुटतं. तीस मिनिटं भरतात. कागदावर त्या गाण्यासमोर काकांनी बाण काढलाय: ‘पलटणे.’ पलटली की भीमगीत सुरू होतं. फीत तिथंच सगळ्यात जास्त झिजली आहे.