खेचरांच्या वाटेवर बंड्या

तंबू सोडायच्या आधी मी जमीन बघते. माझा कुत्रा बंड्या गाडीच्या काचेला नाक लावून कुंईकुंई करत असतो, तरी जागेची एक फेरी मारल्याशिवाय त्याला खाली घेत नाही. फुटक्या बाटलीची काच, कुणा मासेमाराचा राहिलेला गळ, कोंबडीचं हाड आणि तीन-तीन पानांची ती वेल, पॉयझन आयव्ही. दाट केसांमुळे कुत्र्याला तिचा सहसा त्रास होत नाही. पण तिचं तेल त्याच्या अंगावरून आपल्या हाताला लागतं आणि पुढे कितीतरी दिवस खाज जात नाही.

ही जागा म्हणजे मॅककॉइज फेरी. मेरिलँडमध्ये, पोटोमॅक नदीच्या अगदी काठावरचा मुक्कामाचा तळ. चेसापीक अँड ओहायो कालव्याच्या राष्ट्रीय उद्यानात असे तळ बरेच आहेत. पायी किंवा सायकलनं येणाऱ्यांसाठी तर वाटेत जागोजागी. इथे मात्र गाडी आत येते, म्हणून आई सोबत असली की आम्ही इथेच येतो. खालच्या अंगाला पाच नंबरचं धरण असल्यामुळे नदी इथे संथ आहे. पलीकडे वेस्ट व्हर्जिनियाची झाडी दिसते.

उद्यानाचा नियम असा की कुत्रा चालतो, पण दोरी 6 फुटांहून लांब नको आणि त्याला एकटं सोडून जायचं नाही. पहिल्या वर्षी मी त्याला नुसता गळपट्टा घातला होता. संध्याकाळी हरणाची चाहूल लागली तशी मान मागे खेचून तो निसटला आणि अंधार पडेपर्यंत सापडला नाही. ती पाऊण तासाची हाकाहाक मी अजून विसरलेले नाही. तेव्हापासून छातीवरून जाणारा पट्टा. दुपदरी शिवणीचा, पोटाखाली दोन बोटं जातील एवढा सैल.

पाणी हापशाचं. त्याला आयोडीनचा वास येतो, पहिल्या दिवशी बंड्या तोंड लावत नाही, म्हणून घरचं पाणी दोन कॅन भरून आणते आणि हळूहळू त्यात हापशाचं मिसळते. नदीवर मात्र त्याला जायचंच असतं. होड्या उतरवण्याच्या उतारावर तो पुढचे पाय पाण्यात घालून उभा राहतो. याच नदीच्या उतारावरून, अमेरिकेच्या यादवी युद्धात, 10 ऑक्टोबर 1862 च्या पहाटे दक्षिणेच्या जेब स्टुअर्टचे 1800 घोडेस्वार व्हर्जिनियाच्या बाजूनं चढून आले आणि पेनसिल्व्हेनियावर धावून गेले. त्याच्या आदल्या वर्षी मे महिन्यात इथली नावच पळवायचा दक्षिणेकडच्यांनी प्रयत्न केला होता. पलीकडचा काठ तेव्हा व्हर्जिनियाच होता. वेस्ट व्हर्जिनिया वेगळं राज्य झालं ते 1863 मध्ये. फलक वाचायला मी थांबते, बंड्याही थांबतो, वास घेत.

दिवस मावळायच्या आत गोचीड बघायची. हे काम मी आईकडून शिकले. आई कराडजवळच्या खेड्यातली, तिच्या माहेरी गोठ्यात आठ जनावरं होती. घडीच्या खुर्चीत बसून ती बंड्याचं डोकं मांडीवर घेते.

"अगं, कानाच्या आतनं बघ आधी. मग काखंत, मग बोटांच्या बेचक्यात."

केस उलटे फिरवत तिची बोटं सावकाश जातात. नजरेपेक्षा तिचा बोटांवर विश्वास. इथल्या हरणांवरच्या गोचिडीचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं आणि लाइमचा आजार त्याच्याकडूनच येतो, हे मी तिला सांगितलं तेव्हापासून ती चष्मा लावून बसते. गावी गोचिडीवर रॉकेलचा बोळा लावत. इथे ते करायचं नाही, चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ, न पिळता ओढायची. हे आईला पटायला एक मुक्काम गेला. आता चिमटा तिच्याकडेच असतो. काढलेली गोचीड ती चिकटपट्टीवर चिकटवते, मोजते आणि पट्टी दुमडून मला देते.

रात्री खाणं सगळं गाडीत बंद करायचं, कुत्र्याचंसुद्धा. रकून दाण्यासाठी पिशव्या फाडतात. तंबूत जाड सतरंजी आधी, कारण बंड्याच्या नखांनी तळ फाटतो. आणि दाराची जाळी कधीच नुसती ठेवायची नाही. बाहेर काही हललं की तो नाकानं ती फाडून जाईल.

सकाळी आम्ही कालव्याच्या कडेच्या वाटेनं फोर लॉक्सकडे निघतो, दोन मैलांच्या आतच आहे. मला जे सांगायचंय ते या वाटेबद्दलच. जॉर्जटाउन ते कंबरलँड 184.5 मैल. 1828 च्या 4 जुलैला राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स यांनी पहिली कुदळ मारली, कालवा कंबरलँडला पोचला 1850 मध्ये. रेल्वे तिथे आठ वर्षं आधीच पोचली होती. तरी 1924 च्या पुरापर्यंत इथून कोळसा वाहिला गेला आणि तो ओढला खेचरांनी. ही वाट माणसांसाठी काढलेलीच नव्हती, जनावराच्या पावलासाठी काढली होती. 1954 मध्ये कालव्याच्या मार्गावर मोटाररस्ता करायचं चाललं होतं, तेव्हा न्यायमूर्ती विल्यम डग्लस वृत्तपत्राच्या संपादकांना घेऊन ही सबंध वाट चालले, आणि ती वाचली. 1971 मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं.

फोर लॉक्सला नदीचं मोठं वळण टाळण्यासाठी कालवा आडवा कापला आहे, म्हणून चार पायऱ्या लागोपाठ. दरवाजांमध्ये नाव घ्यायची, पाणी भरून सुमारे 8 फूट वर उचलायची, पुढे सोडायची. दगडाच्या कडेला दोराचे चर पडलेत. आईनं त्यात अंगठा घातला, तो बसला.

"किती वर्षं ओढलं असंल गं?"

नावेवरचं सगळं कुटुंब याच प्रवासात राहायचं. मागच्या खोलीत माणसं, पुढच्या खोलीत विसाव्याची जोडी. सहा-सहा तासांनी जोड्या बदलत. खेचरांपुढे चालायला बहुधा पोरंच असत, अनवाणीसुद्धा. जनावर घेऊन नदीकाठी मुक्काम ही इथली रोजची रीत होती, त्यामुळे बंड्याला इथे आणताना मला आपण कुठे आगंतुक आल्यासारखं वाटत नाही. खेचरांचा जुना तबेला अजून उभा आहे. बंड्या त्याच्या भिंतीपाशी इतका वेळ नाक लावून राहिला की आई दगडावर बसली.

वरच्या अंगाला फोर्ट फ्रेडरिक आहे, 1756 मध्ये बांधलेला दगडी किल्ला. मला तिथल्या तोफांपेक्षा नेथन विल्यम्स यांचं नाव जास्त लक्षात राहतं. या कृष्णवर्णीय शेतकऱ्यानं हा पडका किल्ला आणि भोवतालची जमीन विकत घेऊन पिकवली. त्यांच्या घरच्यांनी 1911 मध्ये ती विकली, आणि 1922 मध्ये ती पुन्हा राज्याकडे आली.

निघताना सगळा कचरा परत न्यायचा, उद्यानात कचऱ्याचे डबे नाहीत. बंड्याच्या पिशव्या झाकणाच्या डब्यात, डबा डिकीत. पाय पुसले, पट्टा तपासला. आईनं त्याला पुन्हा मांडीवर घेतलं.

"थांब, शेपटीच्या मुळाशी एक हाय. चिमटा दे."