रानभाजीचे तीन साक्षीदार



मृग नक्षत्राचा पाऊस एकदां कोसळला म्हणजे पंधरवड्याच्या आंत कोंकणांतील व सह्याद्रीच्या पायथ्याचीं माळरानें हिरवीं होऊं लागतात. ह्या दिवसांत परसांतल्या वेलांना अजून फळ धरलेलें नसतें आणि बाजारांतील भाजी महाग झालेली असते. नेमक्या त्याच वेळीं टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, कवळा, शेवळें, करटोलीं अशा अनेक वनस्पति कोणीं न पेरतां उगवून येतात. त्या ओळखाव्या कशा, शिकाव्या कोणापासून आणि शिजवाव्या कशा, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. विषय वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु येथील चूक उत्तरपत्रिकेवरील तांबड्या रेघेवर भागत नाहीं, ती जिवावर बेतते.

शहाणा न्यायाधीश एकाच साक्षीदाराच्या सांगण्यावरून निकाल देत नाहीं. रानांत जाणारानेंही हीच रीत धरावी. येथें साक्षीदार तीन आहेत: जाणतें माणूस, प्रत्यक्ष झाड आणि ग्रंथ. ह्या तिघांची साक्ष जुळेपर्यंत रानांतील कोणतीही वस्तु तोंडांत घालूं नये, एवढेंच ह्या लेखाचें सार आहे.

पहिला साक्षीदार माणूस. ठाणें, पालघर व रायगड ह्या जिल्ह्यांतील कातकरी, ठाकूर व वारली स्त्रिया पावसाळ्यांत रानभाज्यांच्या पाट्या घेऊन बाजारांत बसतात. आपण भाव विचारतों, घासाघीस करतों आणि पुढें जातों. वास्तविक त्या वेळीं आपण एका शिक्षिकेसमोर उभे असतों. तिला आदरानें विचारावें: "मावशी, ही कोठें उगवते? हिचा कोणता भाग टाकावा? कशाबरोबर शिजवावी? ही कधींपर्यंत खावी?" ह्या चार प्रश्नांचीं उत्तरें पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाचीं असतात, आणि तीं बहुधा कोठेंही लिहिलेलीं नसतात. घरांतील आजीही ह्याच शाळेंतली. चार पुस्तकें शिकलेल्या नातवाला तिच्या ह्या विद्येची लाज वाटूं लागली, तर ती विद्या तिच्याबरोबरच संपते. आणि एकदां संपलेली विद्या पैसा देऊन परत मिळत नाहीं. अलीकडे कृषि विभागातर्फे ऑगस्ट महिन्याच्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांतून रानभाजी महोत्सव भरविले जातात. तेथें भाज्या पाहावयास, चाखावयास व त्यांविषयीं विचारावयास चांगली संधि मिळते.

परंतु माणसाची साक्ष एकटी पुरत नाहीं, कारण नांवें फसवितात. कोंकणांत ज्याला टाकळा म्हणतात, तो विदर्भांत तरोटा होतो. उलट 'रानटाकळा' म्हणून जी वनस्पति दाखविली जाते, ती पुष्कळदां टाकळा नसून कासविंदा असते. म्हणून दुसरा साक्षीदार प्रत्यक्ष झाड.

टाकळा व कासविंदा हे एकाच कुळांतील निकटचे भाऊ होत. दोहोंचीं फुलें पिवळीं, दोन्ही रस्त्याच्या कडेला उगवणारे. टाकळ्याच्या पानावर बहुधा पर्णिकांच्या तीन जोड्या असतात. पर्णिका टोंकाकडे रुंद व गोलसर असून सायंकाळीं मिटतात. शेंग बारीक, लांब व वांकडी असते. कासविंद्याच्या पानावर चार ते सहा जोड्या, पर्णिका टोंकाशीं निमुळत्या, चुरगळल्यास उग्र दर्प, आणि देंठाच्या अगदीं बुडाशीं एक लहान गांठ असते. हा भेद किती मोलाचा आहे, हें उत्तर प्रदेशांतील उदाहरणावरून दिसून येईल. तेथील पश्चिम भागांत दरवर्षीं कांहीं लहान मुलें एकाएकीं बेशुद्ध होऊन दगावत. हा मेंदूचा सांसर्गिक ताप असावा, असा बराच काळ समज होता. पुढें खेळतांना खाल्लेल्या कासविंद्याच्या बिया हेंच कारण असल्याचें डॉक्टरांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत दाखवून दिलें. म्हणून नवशिक्यानें एक अख्खें वर्ष झाड केवळ पाहावें. कोंब, पान, फूल, फळ व बी अशा सर्व अवस्थांत जें ओळखतां येतें, तेंच आपल्याला खरोखर ओळखतां येतें.

तिसरा साक्षीदार ग्रंथ. थिओडोर कुक हे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रिन्सिपल होते. मुंबई इलाख्यांतील वनस्पतींवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०१ ते १९०८ ह्या काळांत प्रसिद्ध झाला. त्यांत शास्त्रीय वर्णनाबरोबर देशी नांवेंही दिलीं आहेत. शास्त्रीय नांव एकदां हातीं आलें म्हणजे गांवोगांवच्या नांवांचा घोटाळा मिटतो. वर्णन वाचून समाधान न झाल्यास वाळविलेले नमुने पाहावे. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत १९०६ सालीं सुरू झालेला व फादर ब्लॅटर ह्यांच्या नांवानें ओळखला जाणारा संग्रह आहे. पुण्यास भारतीय वनस्पति सर्वेक्षण विभागाचें १९५५ पासूनचें पश्चिम मंडळ आहे. आपणही फुलासह एक फांदी जुन्या वर्तमानपत्रांत दाबून वाळवावी आणि तिच्यावर स्थळ, तारीख व सांगणाऱ्यानें दिलेलें नांव लिहून ठेवावें. शाळेंतील विज्ञानशिक्षकांस दाखविण्यास असा नमुना फार उपयोगी पडतो.

आतां पाकक्रियेकडे वळूं. रानभाजीची कृति म्हणजे केवळ रुचीचा प्रकार नव्हे. पुष्कळदां तीच विषावरील उतारा असते. शेवळ्याच्या अंगीं सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. तें नुसतें शिजवून खाल्ल्यास घशाला भयंकर खाज सुटते. म्हणून त्याच्या आंतील पिवळा भाग काढून टाकतात व काकड नांवाच्या झाडाचीं आंबट फळें घालून भाजी करतात. बाजारांत शेवळ्यांच्या जुडीबरोबर काकडें विकावयास ठेवलेलीं असतात, तीं उगीच नव्हेत. भारंगीचा पाला कडू, म्हणून तो उकडून, पिळून, पाणी टाकून मग कांद्यावर परततात. कडू करांद्याचे काप उकळून पुष्कळ वेळ पाण्यांत धुवावे लागतात. टाकळा व कुर्डू मात्र सोपे: कोंवळा पाला धुवून, चिरून, लसूण-मिरचीच्या फोडणींत परतला कीं झाला. तोच पाला जून झाला म्हणजे चरबट लागतो. तात्पर्य, भाजी जिच्याकडून घ्यावी तिच्याकडूनच कृतीही घ्यावी, आणि त्या कृतींतील एकही पायरी आळसानें गाळूं नये.

अळंबीची गोष्ट सर्वांत निराळी व सर्वांत कठीण. पावसाळ्यांत वारुळावर उगवणारी अळंबी ही एका अर्थीं वाळवीचीच शेती होय. वाळवी चावलेल्या काष्ठतंतूंवर ह्या बुरशीची जमिनीखालीं जोपासना करते, आणि योग्य पाऊस झाला म्हणजे तिच्या छत्र्या वर येतात. तिचा देंठ मुळासारखा खोल वारुळापर्यंत गेलेला असतो. परंतु गवतांत, कुरणांत तिच्यासारख्या दिसणाऱ्या विषारी छत्र्याही उगवतात. छत्री कापून, पडद्या खालीं करून, अर्ध्या पांढऱ्या व अर्ध्या काळ्या कागदावर रात्रभर झांकून ठेवल्यास तिच्या बीजकणांचा ठसा उमटतो. वारुळाच्या अळंबीचा ठसा गुलाबीसर येतो, तर गवतांतील एका विषारी जातीचा हिरवट. हा ठसा पुराव्यांपैकीं एक आहे, संपूर्ण निकाल नव्हे.

चांदीचा चमचा काळा पडला तर अळंबी विषारी, किड्यांनीं खाल्लेली असेल तर निर्धोक, उकळली कीं विष जातें, ह्या समजुती सर्वस्वीं खोट्या आहेत. कांहीं अळंब्यांचें विष शिजवूनही नष्ट होत नाहीं. त्याचीं लक्षणें सहा ते चोवीस तासांनीं दिसतात, मध्यंतरीं बरें वाटल्याचा भास होतो, आणि तोंवर यकृत निकामी होऊं लागलेलें असतें. शंका येतांच घरगुती उपायांत वेळ न दवडतां रोग्यास रुग्णालयांत न्यावें व उरलेली अळंबी बरोबर न्यावी. विद्यार्थ्यांनीं तर अळंबीचा अभ्यास डोळ्यांनीं व कागदावरच करावा; खावयाची ती जाणत्या वडीलधाऱ्यांनीं खात्रीनें ओळखून आणलेलीच खावी.

शेवटीं दोन शब्द संयमाविषयीं. कोंवळे शेंडे खुडावे, मूळ उपटूं नये. एका जागचें सर्व ओरबाडूं नये. फवारणी केलेल्या शेताच्या बांधावरचें व गटाराकांठचें कांहीं घेऊं नये. ज्यांचें पोट ह्याच पाटीवर आहे, त्यांच्यासाठीं रानांत कांहीं राहूं द्यावें. येत्या पावसाळ्यांत प्रत्येकानें एकच भाजी निवडावी, तिचे तिन्ही साक्षीदार गांठावे आणि त्यांची साक्ष वहींत लिहून काढावी. असें दरवर्षीं एक पान लिहिलें, तर शाळा सोडतेवेळीं आपल्या वहींत पांच-सहा भाज्या पक्क्या उतरलेल्या असतील. आणि जिच्याकडून आपण त्या शिकलों, त्या पाटीवालीच्या ज्ञानाविषयीं मनांत आदरही उत्पन्न झालेला असेल.