कापूस, आग आणि अल्लाहची रीत

नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताचा तूस सतत उडत असतो. तिथे ठिणगी पडली की कापूस पेटणार, हे मागावर बसणाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. इमाम गझाली (१०५८–११११) यांनी नेमकं हेच उदाहरण घेतलं होतं. गावातल्या मदरशांत ज्या कलामशास्त्राचे, म्हणजे इस्लामी धर्मतत्त्वचर्चेचे, ग्रंथ शिकवतात, त्या परंपरेतलं हे फार मोठं नाव.

'तहाफुतुल फलासिफा' या आपल्या ग्रंथाच्या सतराव्या चर्चेत ते विचारतात: आपल्याला प्रत्यक्ष दिसतं काय? आग कापसाला भिडली आणि कापूस जळाला, एवढंच. आगीनेच जाळलं, हे डोळ्यांना दिसत नाही; ते आपण मनाने जोडतो. त्यांच्या मते जाळणारा अल्लाह, थेट किंवा फरिश्त्यांमार्फत. आग आणि जळणं यांची सोबत ही त्याने घालून दिलेली रीत.

मग घरी ठेवलेल्या पुस्तकाचा घोडा झाला नसेल कशावरून? हा आक्षेप गझाली स्वतःच मांडतात. असं घडणं शक्य असलं तरी घडत नाही, हे ज्ञानही अल्लाहच आपल्या मनात निर्माण करतो, हे त्यांचं उत्तर. तत्त्वज्ञ इब्न रुश्द (११२६–११९८) यांना ते पटलं नाही. कारणं नाकारली तर बुद्धी आणि ज्ञानच नाकारल्यासारखं होतं, असं त्यांनी बजावलं. मला हा आक्षेप वजनदार वाटतो.

करणारा अल्लाहच आणि कारणांचीही साखळी आहे, असे दोन्ही धागे कुरआनात आहेत. प्रेषित इब्राहीम यांच्यासाठी आग थंड होते (२१:६९). पेरता तुम्ही, पण उगवतं कुणामुळे, असा प्रश्न येतो (५६:६३-६४). पण वारे ढग हलवतात, ढग पसरतात, मग पाऊस पडतो, ही साखळीही तिथेच आहे (३०:४८). आणि अल्लाहची रीत बदलत नाही, हेही (४८:२३).

म्हणून श्रद्धावान माणूस औषध घेतो आणि बरं करणारा अल्लाह म्हणतो. त्याला त्यात विसंगती दिसत नाही. आधी उंट बांध, मग भरवसा ठेव, या आशयाची हदीस तिर्मिझींच्या संग्रहात आहे.

गझालींनी विज्ञान बुडवलं, हा आरोप मला अन्यायाचा वाटतो. 'तहाफुत'च्याच प्रस्तावनेत ते लिहितात की ग्रहणाचं गणित सिद्ध झालेलं आहे, आणि धर्माच्या नावाने ते खोडायला निघालेला माणूस धर्माचंच नुकसान करतो.