पोटाचं दुखणं फक्त मेडिकलवाल्यालाच का सांगता?

सकाळी सहाला अभ्यासिकेत जागा धरायची म्हणून तुम्ही नुसता चहा पिऊन रूमवरून निघता. पोट साफ व्हायला टाइमच नाही! दुपारी मेस, संध्याकाळी दत्त चौकात काहीतरी चटपटीत. मग कधी चार-चार दिवस कोंडी, तर कधी पेपरच्या सकाळी तीनदा पळापळ. रूममेटला सांगायची लाज वाटते, म्हणून हळूच मेडिकल गाठता. तिथे हल्ली चूर्णासोबत प्रोबायोटिकची कॅप्सूलही मिळते. घ्यायची का?

आधी आत काय चालतं ते बघा. आतडं लाटेसारखं आकुंचन पावत अन्न पुढे ढकलतं. लाट मंदावली की बद्धकोष्ठता, घाईत धावली की जुलाब. आतड्याचं स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं ही लाट सांभाळतं आणि मेंदूशी बोलतं. म्हणून तर टेन्शन आलं की पोट बिघडतं. आतड्यातले जिवाणू जी आम्लं तयार करतात, त्यांचाही या लाटेवर परिणाम होतो. प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा संख्येने पोटात गेल्यास फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव. लाट सुधारायला त्यांची मदत होऊ शकते.

मग दही-ताक आहेच की! जरूर घ्या. पण घरच्या विरजणात नेमके कोणते जिवाणू किती, हे सांगता येत नाही. आणि कढी उकळली की ते मरतातच.

कॅप्सूलबद्दल तज्ज्ञांचंही एकमत नाही. चिडक्या आतड्यासाठी, म्हणजे आयबीएससाठी, अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये प्रोबायोटिक फक्त संशोधनापुरतंच वापरा असं सांगितलं. ब्रिटनच्या संघटनेने २०२१ मध्ये म्हटलं, १२ आठवडे घेऊन बघा, फरक नाही पडला तर बंद करा. घेणारच असाल तर पाकिटावर जिवाणूचं पूर्ण नाव, त्याचा उपप्रकार आणि जिवंत जिवाणूंची संख्या वाचा. आयसीएमआरच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रोबायोटिक खाद्यपदार्थांसाठी हेच सांगितलंय.

त्याआधी फुकटातले उपाय करा: ज्वारीची भाकर, पालेभाजी, भरपूर पाणी आणि सकाळची दहा मिनिटं स्वतःसाठी.

मात्र शौचातून रक्त, विनाकारण घटणारं वजन, झोपेतून उठवणारे जुलाब, यांपैकी काहीही असेल तर कॅप्सूल राहू द्या. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या ओपीडीत जा आणि डॉक्टरांना सगळं खरं सांगा. ते रोज हेच ऐकतात. लाज फक्त तुम्हालाच वाटतेय!