बियांची पारख : तुलसी गौडा यांचें चरित्र आणि आपल्या बांधावरचीं झाडें

पावसाळा तोंडावर आला कीं बांधावर, विहिरीच्या कडेस अगर पडीक माळावर झाडें लावण्याचा संकल्प पुष्कळ शेतकरी करितात. रोपें आणिलीं जातात, खड्डे भरले जातात, आणि दोन उन्हाळे गेल्यावर पाहावें तों बरींच रोपें मेलेलीं व जगलीं त्यांतलींहि कांहीं खुरटलेलीं दिसतात. दोष आपण जमिनीस देतों, पावसास देतों, मोकाट गुरांस देतों. आणि तो कित्येकदां खराहि असतो. पण हें रोप ज्या बियापासून झालें तें बीं कोणत्या झाडाचें होतें, तें केव्हां गोळा केलें आणि किती दिवसांनीं पेरलें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. ज्वारीचें बियाणें राखतांना आपण कणीस पारखून घेतों. झाडाच्या बाबतींत मात्र हातीं लागेल तें बीं चालतें अशी आपली समजूत. ही समजूत किती चुकीची आहे हें जिनें आपल्या साऱ्या आयुष्यानें दाखविलें, अशा एका निरक्षर बाईची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

तुलसी गौडा यांचें गांव होन्नळ्ळी. तें उत्तर कन्नड जिल्ह्याच्या अंकोला तालुक्यांत आहे. १८६२ सालापासून १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा जिल्हा मुंबईच्याच कारभाराखालीं होता, व आपल्या जुन्या पिढीस तो कारवार जिल्हा म्हणून परिचित होता. तुलसीबाई हालक्की वक्कलिग समाजांतल्या. वडील त्यांच्या अगदीं बाळपणीं वारले. आई जंगलखात्याच्या रोपवाटिकेंत मजुरीस जाई. तिच्याबरोबर ही मुलगीहि जाऊं लागली. शाळेची पायरी ती कधींच चढली नाहीं. लहान वयांतच लग्न झालें, पुढें वैधव्यहि आलें. परंतु रोपवाटिकेचें काम सुटलें नाहीं. सुमारें पस्तीस वर्षें त्या रोजंदारीवरच होत्या. पुढें त्यांचें ज्ञान पाहून खात्यानें त्यांस कायम केलें, व आणखी सुमारें पंधरा वर्षें नोकरी करून त्या सत्तराव्या वर्षीं निवृत्त झाल्या.

रोपवाटिकेंतील मजुराचें काम म्हणजे माती चाळणें, वाफे करणें, पाणी घालणें आणि तण काढणें. हें काम तेथें अनेक बाया करीत. तुलसीबाईंचें वेगळेपण असें कीं, वाफ्यांत उगवणाऱ्या रोपाचा माग त्या मागें जंगलांतील झाडापर्यंत घेत गेल्या. कोणत्या जातीचें झाड रानांत कोठें आहे, तें केव्हां फुलतें, त्याचें फळ केव्हां पिकतें, कोणतें बीं लौकर रुजतें व कोणतें महिनोन् महिने पडून राहतें, हें सर्व त्यांनीं पाहून पाहून ध्यानांत ठेविलें. लिहितां येत नसल्यामुळें त्यांची वही म्हणजे त्यांची स्मृतिच. झाडांचीं लॅटिन नांवें त्यांस ठाऊक नव्हतीं. परंतु शेंकडों जातींचीं झाडें त्या ओळखीत, आणि पदवीधर वनाधिकारीहि बियांच्या बाबतींत त्यांचा सल्ला घेत. लोक त्यांस अरण्याचा ज्ञानकोश म्हणूं लागले, तें यामुळेंच.

त्यांची विशेष ख्याति होती ती मातृवृक्ष ओळखण्याविषयीं. ज्या झाडाचें बीं रोपांसाठीं घ्यावयाचें तें मातृवृक्ष, म्हणजे आईझाड. गुरें राखणाऱ्या शेतकऱ्यास हा विचार नवा नाहीं; चांगल्या गाईचीच कालवड आपण ठेवतों. झाडाचेंहि तसेंच आहे. इमारती लांकडासाठीं ज्याचें खोड सरळ, वाढ जोमदार, अंगावर कीड वा रोग नाहीं, जें फार कोवळें नाहीं आणि फार जीर्णहि नाहीं, असें झाड बियासाठीं योग्य. वांकड्या खोडाच्या ठेंगण्या झाडाचें बीं हाताशीं येतें म्हणून मजूर तेंच गोळा करितात, व तो दोष पुढल्या पिढींत उतरण्याचा संभव असतो. दुसरी गोष्ट, माळावर एकटें उभें असलेलें झाड कितीहि डेरेदार असलें, तरी त्याच्या फुलांस पुष्कळदां स्वतःचेंच पराग मिळतात, आणि अशा बियांचीं रोपें बहुधा दुबळीं होतात. म्हणून त्याच जातीचीं झाडें आसपास असतील अशा ठिकाणचीं, एकमेकांपासून अंतरावर असलेलीं, अनेक आईझाडें निवडावीं आणि त्यांचें बीं एकत्र करावें, हें शास्त्रास मान्य आहे. विद्यापीठांत जें तत्त्व पुस्तकांतून शिकवितात, तें या बाईंनीं रानांत फिरून आपल्या अनुभवानें हस्तगत केलें होतें.

मातृवृक्षाइतकेंच महत्त्व वेळेस आहे. बीं पूर्ण भरलें असतां व त्याची रुजण्याची शक्ति शिगेस असतां तें घेणें, हें तुलसीबाईंचें दुसरें कसब. प्रथम गळणारीं फळें पुष्कळदां किडकीं वा पोकळ असतात; बहराच्या मध्यास पडणारें बीं चांगलें. आपल्या ओळखीच्या झाडांपुरतें सांगावयाचें तर, जांभूळ, फणस व आंबा यांचें बीं सुकलें कीं मेलें. तें फळांतून काढतांच थोड्या दिवसांत पेरलें पाहिजे. कडुनिंबाच्या निंबोळीची शक्तिहि सामान्यतः दोन-तीन आठवड्यांतच उतरूं लागते. ती वर्षभर पोत्यांत ठेवून पेरणें म्हणजे श्रम वाया घालविणें होय. उलट बाभळीचें बीं वर्षानुवर्षें टिकतें, पण त्याची साल इतकी कठीण कीं पाणी आंत शिरत नाहीं. म्हणून त्यावर कढत पाणी ओतून तें त्याच पाण्यांत दिवसभर भिजत ठेवितात. सागाचें कवच तर अधिकच टणक. तें दोनएक आठवडे रात्रीं पाण्यांत व दिवसां उन्हांत असें आलटून पालटून ठेविलें म्हणजे उगवण सुधारते. एकाच मापानें सर्व बियांस वागविणारा फसतो. प्रत्येकीचा स्वभाव जाणणारा निभावतो.

अशा रीतीनें लाखोंनीं रोपें तुलसीबाईंच्या हाताखालून गेलीं. १९८६ सालीं त्यांस इंदिरा प्रियदर्शिनी वृक्षमित्र पुरस्कार मिळाला, व १९९९ सालीं कर्नाटक सरकारचा राज्योत्सव पुरस्कार. पुढें पद्मश्री जाहीर झाली आणि नोव्हेंबर २०२१ मध्यें दिल्लीस राष्ट्रपतिभवनांत ती स्वीकारण्यास त्या आपल्या समाजाच्या नेहमींच्या पोषाखांत, गळ्यांत मण्यांच्या माळा घालून, अनवाणीच गेल्या. ता. १६ डिसेंबर २०२४ रोजीं होन्नळ्ळी येथें त्यांचें निधन झालें.

येथें एक विचार आमच्या मनास लागून राहतो. गौरव झाला, छायाचित्रें छापलीं गेलीं, किती झाडें लावलीं याचे आंकडे सांगितले गेले. पण जें ज्ञान त्यांच्या ठायीं होतें तें मुख्यतः तोंडीं होतें. ज्यांनीं त्यांच्याबरोबर काम केलें त्यांच्यापाशीं त्याचा कांहीं अंश राहिला असेल. बाकीचें त्यांच्याबरोबरच गेलें. ज्या बाईस पस्तीस वर्षें केवळ मजूर म्हणून गणलें, तिचें ज्ञान त्या काळांत दर हंगामास कोणी लिहून घेतलें असतें, तर आज केवढें भांडार हातीं असतें! आणि ही चूक परक्या गांवींच होते असें नव्हे. कोणत्या रायवळ आंब्याची कोय जोमानें रुजते, कोणत्या ओढ्याकांठचा अर्जुन सरळ वाढला, गांवचा जुना शिसवी कोठें होता व कोणी तोडला, हें सांगणारीं म्हातारीं माणसें आपल्याहि गांवांत आहेत. त्यांतहि गुरें वळणारे, मोळ्या विकणाऱ्या बाया, रानांत हिंडणारे कातकरी व ठाकर यांस जें ठाऊक असतें तें आपणां जमीनधारकांस ठाऊक नसतें, आणि त्यांस विचारण्याचा आपणांस संकोच वाटतो.

तो संकोच सोडावा, अशी आमची वाचकांस आग्रहाची सूचना आहे. घरांत जमाखर्चाची वही असते तशी एक झाडांची वही करावी. शिवारांतील व जवळच्या रानांतील उत्तम झाडें हेरून त्यांच्या जागा तींत टिपाव्या. प्रत्येकाचा फुलण्याचा, पिकण्याचा व बीं गळण्याचा काळ तिथीसह लिहावा. बीं कोणत्या झाडाचें घेतलें, केव्हां पेरलें व शंभरांत किती उगवलें याची नोंद ठेवावी. मुलें आतां शाळेंत जातात. आजीनें सांगावें व नातवानें लिहावें, इतकें सोपें हें काम आहे. पांच वर्षांत ती वही त्या गांवापुरती कोणत्याहि छापील पुस्तकापेक्षां मोलाची होईल. आणि वहींत नोंदलेलें आईझाड विकण्यापूर्वीं मालकानें दोनदां विचार करावा. कारण त्याच्या लांकडाची किंमत एकदांच येते, बियांची दर वर्षीं येते.

तुलसीबाईंस लिहितां येत नव्हतें, म्हणून त्यांचा नाइलाज होता. आपणांस लिहितां येतें. आपणांस ती सबब नाहीं.