झडतीचें वॉरंट आणि जप्तीची यादी

झडती हा शब्द जुने रुमाल चाळणाऱ्या वाचकांस परका नाहीं. गांवझडती म्हणून जो कागद दप्तरांत सांपडतो तो गांवच्या वसुलाचा हिशेब होय. तेथें झडती म्हणजे कांहीं शिल्लक न ठेवतां, झाडून मांडलेला तपशील. घराची झडती म्हटली म्हणजे मात्र डोळ्यांपुढें पोलीस उभा राहतो आणि शब्दाचा हा अर्थ मागें पडतो. प्रस्तुत लेखकाचें म्हणणें असें कीं, पोलिसांच्या झडतींतहि हिशेबाचा अर्थच अधिक महत्त्वाचा आहे. घरांत शिरण्याचा अधिकार देणारा कागद म्हणजे वॉरंट. काय घेतलें व कोठून घेतलें हें सांगणारा कागद म्हणजे यादी. हस्तलिखितें बाळगणाऱ्या मनुष्याचें हित पहिल्या कागदापेक्षां दुसऱ्यावर अधिक अवलंबून असतें.

विवेचनासाठीं उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हा पट्टा घेतला आहे. अंबरनाथचें शिवालय त्यावरील शके ९८२ च्या शिलालेखामुळें विद्वानांस सुपरिचित आहे. उल्हासनगर हें त्या मानानें कालचें गांव; कल्याणच्या लष्करी छावणींत सिंधहून आलेल्या निर्वासितांस वसविण्यांत आलें व १९४९ सालीं त्या वसतीस हें नांव मिळालें. एकीकडे देवस्थानें व वतनें यांचे कागद, दुसरीकडे सिंधमध्यें सोडून दिलेल्या घरादारांचे दस्तऐवज, असे दोन निरनिराळे संचय येथें शेजारीं शेजारीं नांदूं शकतात. पोलीसव्यवस्थेच्या दृष्टीनें तिन्ही ठिकाणें १९८१ सालीं स्थापन झालेल्या ठाणें पोलीस आयुक्तालयांत मोडतात व त्यांचें मिळून एक परिमंडळ आहे.

आतां कायद्याकडे वळूं. फौजदारी कामाची पहिली संहिता १८६१ ची. पुढें १८७२, १८८२ व १८९८ अशा तिच्या आवृत्त्या झाल्या. त्यानंतरची १९७३ ची, ती १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली; आणि सांप्रतची भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून अंमलांत आहे. झडतीच्या वॉरंटाचें कलम १८९८ च्या कायद्यांत ९६ वें होतें व पंचांसमक्ष झडतीचें १०३ वें. १९७३ च्या कायद्यांत त्यांचे क्रमांक ९३ व १०० झाले. नव्या संहितेंत तीं फिरून ९६ व १०३ याच क्रमांकांवर येऊन बसलीं आहेत! हा योगायोगच; परंतु टिळकांच्या खटल्याचे कागद वाचणाऱ्यास व आजची नोटीस वाचणाऱ्यास तेच आंकडे दिसावे, ही मौज आमच्या वाचकांस सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

वॉरंट मिळतें तें न्यायालयाकडून. सामान्य रीत अशी कीं, एखादा कागद हवा असल्यास प्रथम तो हजर करण्याचें समन्स निघावें. समन्स काढूनहि मनुष्य तो आणणार नाहीं असें न्यायालयास सकारण वाटलें, किंवा तो कोणापाशीं आहे हेंच ठाऊक नसलें, अथवा चौकशीच्या कामीं सर्वसाधारण झडतीच घेणें अवश्य दिसलें, तर कलम ९६ अन्वयें वॉरंट निघतें. अमुक घर, किंवा घराचा अमुकच भाग तपासावा अशी मर्यादा न्यायालय घालूं शकतें, व ती घातली असतां अंमलदारानें तेवढ्यांतच राहिलें पाहिजे. वॉरंट लेखी असावें लागतें; त्यावर न्यायाधीशाची सही व न्यायालयाचा शिक्का लागतो. तें रद्द होईपर्यंत किंवा बजावलें जाईपर्यंत जिवंत राहतें. शिक्क्यावांचूनच्या सनदेकडे आपण ज्या नजरेनें पाहतों त्याच नजरेनें या कागदाकडे पाहावें.

संग्राहकांनीं विशेष लक्ष द्यावें असें कलम म्हणजे ९७ वें. चोरीचा माल ज्या जागीं ठेवला किंवा विकला जातो असा संशय, त्या जागेच्या झडतीचें हें कलम होय. हा अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी यांचा. खबर मिळाल्यावर जरूर ती चौकशी करून त्यांनीं तो वापरावयाचा, व बजावणारा पोलीस शिपायाहून वरच्या दर्जाचा असला पाहिजे. या कलमांत चोरीच्या मालाबरोबर आक्षेपार्ह वस्तूंची एक जंत्री दिलेली असून तींत बनावट दस्तऐवज व खोटे शिक्के हे उघड शब्दांत आले आहेत. बनावट सनदा व मागाहून कोरलेलीं मुद्राचिन्हें अभ्यासासाठीं जमविणारे संशोधक आपल्यांत आहेत. संशोधन आणि कूटलेखन यांतील भेद हेतूचा आहे, व हेतु कपाटाबाहेरून दिसत नाहीं. म्हणून अशा प्रत्येक कागदास तो बनावट असल्याची, व कोठून कधीं मिळाला याची चिठी आजच जोडून ठेवणें बरें. झडतीच्या दिवशीं लिहिलेल्या चिठीस कोणी मान देत नाहीं.

सर्व झडत्या वॉरंटानें होतात असा समज असल्यास तो सोडावा. तपास चालू असतां वॉरंट आणण्यास विलंब लागेल असें सकारण वाटल्यास ठाण्याचा अंमलदार कलम १८५ अन्वयें स्वतःच झडती घेऊं शकतो. मात्र आपल्या समजुतीचीं कारणें व कोणती वस्तु हवी आहे हें त्यानें शक्य तितकें आधीं लिहून ठेविलें पाहिजे, व त्या लेखाची प्रत अठ्ठेचाळीस तासांच्या आंत जवळच्या दंडाधिकाऱ्याकडे गेली पाहिजे. घरमालकानें अर्ज केल्यास ती त्यास विनामूल्य मिळते. जुगाराच्या १८८७ च्या मुंबई कायद्यांत तर खास वॉरंट पोलीस अधिकारीच काढूं शकतो. पण तो विषय आपला नव्हे. पुराणवस्तूंच्या १९७२ च्या कायद्याचा मात्र आपल्याशीं निकट संबंध आहे. शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन अथवा कलात्मक मोलाचें हस्तलिखित पंचाहत्तर वर्षांचें झालें कीं त्या कायद्याच्या व्याख्येंत येतें (इतर वस्तूंस शंभर वर्षें लागतात), आणि त्याच्या कलम २३ नें केंद्रसरकारनें अधिकार दिलेला अधिकारी घरांत शिरून झडती व जप्ती करूं शकतो. तेथेंहि झडतीची रीत मूळ संहितेचीच लावावी असें म्हटलें आहे.

बजावणीची रीत अशी. बंद जागेच्या ताबेदारानें, अंमलदारानें मागणी करून वॉरंट दाखविल्यावर, त्यास आंत येऊं दिलें पाहिजे. न दिल्यास दार फोडण्याचा अधिकार त्यास आहे. वस्तु अंगावर लपविल्याचा संशय आल्यास अंगझडती घेतां येते. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेंच, मर्यादा राखून घ्यावयाची. झडतीपूर्वीं त्या वस्तींतले दोन किंवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून बोलवावयाचे; तेथें कोणी न मिळाल्यास दुसऱ्या वस्तींतले चालतात. लेखी हुकूम मिळूनहि सबळ कारणावांचून न येणें हा अपराध आहे. त्यांच्या देखत झडती व्हावयाची, जप्त झालेल्या सर्व वस्तूंची व त्या जेथें जेथें सांपडल्या त्या जागांची यादी व्हावयाची, तीवर पंचांनीं सह्या करावयाच्या. घरचा मनुष्य झडतीभर हजर राहूं शकतो व यादीची सहीची प्रत त्यास मिळाली पाहिजे. नव्या संहितेच्या कलम १०५ नें यांत भर घातली आहे: झडती, जप्ती, यादी व सह्या या सर्वांचें दृक्श्राव्य चित्रण व्हावें, शक्यतों मोबाईलवर, व तें विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे जावें.

महजरांचा अभ्यास केलेल्यास ही व्यवस्था ओळखीची वाटेल. महजराचें बळ निर्णयाच्या शब्दांत जितकें, तितकेंच हाजीर असलेल्यांच्या नांवांत व निशाण्यांत असे. पंचनाम्याचेंहि तसेंच. कायद्याचा भर पंच ‘त्या वस्तींतले’ असावे यावर कां, तें यावरून ध्यानांत येतें: त्यांनीं घर ओळखावें, आणि उद्यां खोटें सांगितल्यास शेजाऱ्यांस तोंड दाखवितांना लाज वाटावी. ठाण्याच्या आसपासच नेहमीं आढळणारे ठरीव पंच आणले म्हणजे हें बळ जातें, व असे पंच उलटतपासणींत टिकत नाहींत.

यादींत वस्तूबरोबर जागाहि लिहावी, हें त्या कलमांतलें सर्वांत शहाणपणाचें वाक्य होय. त्याची किंमत किती हें १९०८ सालीं दिसून आलें. त्या वर्षीं २४ जून रोजीं लोकमान्य टिळकांस मुंबईस अटक झाली व दुसऱ्या दिवशीं पुण्यास त्यांच्या घराची व केसरीच्या कचेरीची झडती झाली. आरोप केसरींतील लेखांवर होता. परंतु झडतींत एक कार्ड सांपडलें. त्यावर स्फोटक द्रव्यांवरील दोन इंग्रजी पुस्तकांचीं नांवें होतीं. तें कार्ड सरकारपक्षानें पुराव्यांत दाखल केलें. टिळकांचा खुलासा असा कीं, स्फोटक द्रव्यांचा जो नवा कायदा त्याच जूनमध्यें झाला होता त्यावर लिहावयाचें म्हणून ग्रंथांच्या यादींतून तीं नांवें टिपलीं होतीं. पत्रकर्त्याच्या मेजावर नव्या कायद्यासंबंधींचें टिपण असावें यांत नवल नाहीं. पण तेंच कार्ड एकटें उचलून ज्यूरीपुढें ठेविलें म्हणजे त्यास निराळें तोंड फुटतें. २२ जुलै रोजीं ज्यूरीनें सात विरुद्ध दोन मतांनीं दोषी ठरविलें व न्यायमूर्ति दावरांनीं सहा वर्षांच्या काळ्यापाण्याची शिक्षा दिली. शिक्षा त्या कार्डामुळें झाली असें आमचें म्हणणें नाहीं, लेख होतेच. तथापि शेजारच्या कागदांपासून तुटलेला कागद काय काय बोलूं लागतो, याचें याहून चांगलें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

याच्या उलट बाजूहि सांगितली पाहिजे. वासुदेव बळवंत फडक्यांची रोजनिशी व आत्मवृत्त १८७९ सालीं सरकारच्या हातीं लागलें, खटल्यांत त्यांच्याविरुद्ध वापरलें गेलें, आणि तें सरकारी दप्तरांत राहिल्यामुळेंच आज इतिहासकारास उपलब्ध आहे. जप्तीनें कागद जगले असेंहि घडतें. हा उपकार कोणी बुद्ध्या केलेला नव्हे. पण साधनांचा इतिहास लिहितांना तो नोंदणें प्राप्त आहे.

समजा, अंबरनाथच्या एका संग्राहकाच्या घरीं चोरीच्या पोथीच्या शोधार्थ झडती आली. कपाटांत बारा रुमाल आहेत. हवी ती पोथी एक. अंमलदारानें बाराहि रुमाल एका पोत्यांत भरून ‘जुने कागद, एक पोतें’ अशी यादी केली, तर कायद्याचे शब्द कदाचित् पुरे होतील, परंतु संग्रह बुडाला. कोणता कागद कोणत्या रुमालांत कोणाशेजारीं होता, हें ज्ञान पोत्यांत शिरतांच नष्ट होतें. तीनशें वर्षें एकत्र राहिलेलीं एका घराण्याचीं पत्रें एका दुपारीं अनाथ होतात. पुढें त्यांतलें एखादें खरें असूनहि बनावट ठरूं शकतें, कारण त्याचे साक्षीदार शेजारीं उरले नाहींत. म्हणून त्या वेळीं हुज्जत घालण्यापेक्षां शांतपणें मागणी करावी कीं, प्रत्येक रुमालास क्रमांक द्या, पोथीचीं पानें मोजा, पहिल्या व शेवटच्या पानाचे आरंभीचे शब्द लिहा, कपाटाचा कप्पा लिहा. चित्रण चालूच असतें. त्यापुढें पानें मोजून घेतलीं म्हणजे तीं मागाहून कमी कां झालीं हें विचारतां येतें. संग्राहकापाशीं स्वतःची छापील किंवा हस्तलिखित सूची असल्यास तिचा क्रमांकच यादींत घालण्याची विनंति करावी. सूची नसलेल्या संग्रहाची कींव येते, व अशा संग्रहांची संख्या थोडी नाहीं.

संग्रहाचा दुसरा भाग मूळ गांवीं, कर्जत तालुक्यांत असला तर? वांगणीपर्यंत ठाणें जिल्हा; पुढें नेरळ रायगडांत. वॉरंट देशांत कोठेंहि बजावतां येतें, परंतु न्यायालयाच्या हद्दीबाहेर नेणाऱ्या पोलिसानें तें सामान्यतः तेथील कार्यकारी दंडाधिकाऱ्यास किंवा ठाण्याच्या अंमलदारास दाखवून त्यावर शेरा घ्यावयाचा असतो. विलंबानें काम फसेल असें वाटलें तरच तो शेऱ्यावांचून पुढें जाऊं शकतो.

रीत मोडली तर काय, हा प्रश्न साहजिक आहे. टपालवाटपाच्या एका नोकराच्या घरझडतीच्या प्रकरणांत, जें १९६३ च्या निर्णयसंग्रहांत आहे, सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, या कलमांविरुद्ध होणाऱ्या झडतीस घरमालक हरकत घेऊं शकतो व न्यायालय तो पुरावा अधिक बारकाईनें तपासील; पण तेवढ्यानें जप्ती रद्द होत नाहीं. १९७४ च्या निर्णयसंग्रहांतील पूरणमल खटल्यांतहि, झडती बेकायदा असली तरी सांपडलेला पुरावा त्याच कारणानें बाद होत नाहीं, असाच निर्णय आहे. म्हणजे वॉरंटांतला दोष दाखवून कागद परत मिळतील ही आशा फोल होय. आमच्या मतें हा निर्णय पोलिसांस फार सोईचा आहे. परंतु आज कायदा तोच आहे.

कागद परत मिळतात ते निराळ्या वाटेनें. सुंदरभाई अंबालाल देसाई यांच्या खटल्यांत २००२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, जप्त माल ठाण्यांत दीर्घ काळ पडूं देऊं नये. पंचनामा व छायाचित्रें करून तो योग्य त्या हमीवर हक्कदाराच्या हवालीं करावा. नव्या संहितेच्या कलम ४९७ नें यास मुदती घातल्या आहेत: माल न्यायालयापुढें आल्यापासून चौदा दिवसांत त्याचें वर्णन व चित्रण, आणि तें झाल्यावर तीस दिवसांत विल्हेवाटीचा हुकूम. मुद्देमालाच्या खोलींतली ओल व कसर कोणाच्या मुदतीची वाट पाहत नाहीं, तेव्हां अर्ज पहिल्या आठवड्यांतच करावा, व त्यांत कागद कोरड्या जागीं, दुमड न घालतां ठेवावे अशी विनंति जोडावी. परत घेतांना घाईनें पावती लिहून देऊं नये. यादीची आपली प्रत हातांत धरावी, रुमाल एकेक सोडावा, पानें मोजावीं, आणि एखादें पान कमी भरलें तर पावतीवरच तसा शेरा लिहून मग सही करावी.