रेनकोट घेताना घरातली माणसं मोजा

मृग लागला की झरी जामणी तालुक्यातल्या घरांत दोन खरेद्या एकदमच निघतात. एक बियाण्याची, दुसरी पावसाच्या सामानाची. कपाशीचं कोणतं वाण घ्यायचं यावर आठवडाभर खल होतो. रेनकोट मात्र दुकानात टांगलेला दिसला, रंग आवडला, भाव पाडला की घेतला. पुढचे तीन-चार महिने तो अंगावर वागवायचा आहे, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात येत नाही.

माझी थोरली बहीण याच तालुक्यात राहते. चार एकर कोरडवाहू शेती, सोबत शेळ्या. बकरी ईदला दोन-तीन बोकड विकले की वर्षाचा मोठा खर्च निघतो. मागच्या पावसाळ्यात शेळ्या चारायची जबाबदारी प्रथमच तिच्या धाकट्या मुलावर आली. त्याने हौसेने हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचा, शिकाऱ्यांसारखा दिसणारा रेनकोट आणला. “मामू, हा जंगलासाठीच बनवलाय,” असं तो मला कौतुकाने सांगत होता. पहिल्याच जोरदार पावसात खांद्याच्या शिवणीतून पाणी झिरपलं आणि पोरगा आतला सदरा पिळतच घरी आला.

शिकारीचा रेनकोट आपल्या कामाचा नाही

असे ठिपक्यांचे रेनकोट बाहेरदेशी शिकारीला जाणाऱ्यांसाठी निघाले. जनावराला माणूस दिसू नये, हा त्यांचा हेतू. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. आता पावसात रानात जातो तो गुराखी, निंदणाला जाणारी बाई, रोजंदारीवरचा वनमजूर. यांची गरज शिकाऱ्याच्या अगदी उलटी आहे.

शेजारच्या पांढरकवडा भागात टिपेश्वर अभयारण्य आहे आणि या पट्ट्यात वाघांचा वावर आहे. अशा ठिकाणी आपला माणूस सोबत्यांना दुरून दिसला पाहिजे. म्हणून पिवळा, केशरी किंवा लाल रंग घ्या. संध्याकाळी रस्त्याने परतताना मोटारवाल्यालाही तो दिसतो. दुसरी गोष्ट टोपीची. मोठी, सैल टोपी डोळ्यांवर येते आणि कान झाकते. प्लास्टिकची सळसळ सुरू असेल तर मागचा आवाज ऐकूच येत नाही. टोपीला नाडी हवी, पुढे छोटी कड हवी आणि मान वळवली की टोपीही वळायला हवी. ओढणी घेणाऱ्या मुलींनी डोक्यावर ओढणी ठेवूनच टोपी घालून पाहावी.

कापड तीन प्रकारचं

सगळ्यात स्वस्त म्हणजे पातळ पॉलिथीनचा. तीस-पन्नास रुपयांत मिळतो, पण बाभळीच्या एका काट्याने फाटतो. तो फक्त अडीअडचणीसाठी पिशवीत ठेवावा.

दुसरा पीव्हीसीचा जाड रेनकोट. साधारण अडीचशे ते पाचशे रुपयांत मिळतो. पाणी अजिबात आत येत नाही, पण हवाही येत नाही. चालून-वाकून काम करणारा आतून घामाने भिजतो. एका जागी उभं राहून राखण करणाऱ्याला, गाडीवर बसणाऱ्याला तो चांगला.

तिसरा नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा, आतून लेप दिलेला. जाकीट आणि पँट मिळून सातशे ते बाराशेपर्यंत जातो. हलका असतो, लवकर वाळतो, दिवसभर चालणाऱ्याला सोयीचा. घाम आत न साठवणारे महागडे रेनकोटही असतात, पण पहिल्या वर्षी त्यावर हजारो रुपये घालण्याची गरज नाही.

दुकानातच तपासा

रेनकोट उलटा करा. प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का ते पाहा. सुईच्या भोकांतूनच पाणी शिरतं, आणि भाच्याचा रेनकोट इथेच नापास झाला होता. कापडाचा खोलगा करून त्यात पेलाभर पाणी ओता आणि दहा मिनिटं थांबा. खालून ओल आली तर तो घेऊ नका. दुकानदार कुरकुरला तरी चालेल. चेनवर झाकणपट्टी हवी. काखेत किंवा पाठीवर हवेसाठी जागा असेल तर उत्तम.

शेवटी अंगात घालून खाली बसा, वाका, हात वर करा. निंदताना पाठ उघडी पडत असेल तर तो रेनकोट शेतासाठी निकामी. पायघोळ, झग्यासारखा रेनकोट कपाशीच्या फांद्यांत अडकतो. मांडीपर्यंत येणारा बरा.

पायांची काळजी आधी

पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर मी गमबूट आधी घ्यायला सांगेन. अंग भिजलं तर वाळतं. घोणस मात्र बहुतेकदा पायालाच चावते, आणि पावसाळ्यात गवतात ती दिसत नाही. गुडघ्याच्या जरा खालपर्यंत येणारे, खोल नक्षीच्या तळाचे बूट घ्या. आपली काळी माती बूट ओढून धरते, म्हणून सैल माप नको. जाड मोजे घालून माप घ्या. सकाळी पाय घालण्याआधी बूट उलटा करून झटकायचा. विंचू आत बसलेला असू शकतो.

सोबत प्लास्टिकच्या पिशवीत एक कोरडा सदरा बांधून द्या. दुपारी शेतातच जोहरची नमाज पढायची असेल तेव्हा अंगावर कोरडे, स्वच्छ कपडे येतात, आणि संध्याकाळची हुडहुडीही टळते.

कितीही चांगला रेनकोट विजेपासून वाचवत नाही, हे मुलांना नीट समजवा. गडगडाट सुरू झाला की झाडाखाली थांबायचं नाही, उघड्या रानात छत्री उघडायची नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ हे मोफत अॅप विजेची आगाऊ सूचना देतं. घरातल्या एका फोनवर तरी ते असावं.

फवारणीला हा रेनकोट नको

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात पोचले. तरीही पावसाचाच रेनकोट चढवून फवारणी करणारे दिसतात. त्याने चेहरा आणि हात उघडेच राहतात, आत घाम सुटतो आणि कापडावर औषध बसतं. तोच रेनकोट दुसऱ्या दिवशी लेकरू शाळेत घालून जातं. फवारणीचे कपडे, हातमोजे, चश्मा आणि मास्क वेगळे ठेवा. ते घराबाहेर टांगा, वेगळे धुवा.

आपाचं पोतं

भाच्यासाठी आम्ही नवा केशरी रेनकोट आणि गमबूट आणले. त्याच संध्याकाळी पाऊस सुरू असताना आपा शेतातून आली. डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, पायात स्लीपर. मी विचारलं, “आपा, तुझा रेनकोट?” ती हसली. “भाई, मला कशाला? मी काय जंगलात जाते?”

तिचा हिशेब मांडून पाहिला तर भाच्यापेक्षा जास्त तास तीच पावसात असते. निंदण तिचं, वैरण तिची, सांजेला शेळ्या बांधणं तिचं. भावोजींकडे गाडीसाठी रेनकोट, मुलांकडे शाळेचे, आणि घरात सगळ्यांत जास्त भिजणारी बाई यादीतच नव्हती. सर्दी-तापाने ती चार दिवस पडली तरी रोजी बुडते आणि चूलही थंड राहते. दुसऱ्या दिवशी तिच्या मापाचा रेनकोट आणि बूट आणले. दुकानात बायकांच्या मापाचे गमबूट शोधायलाच तासभर लागला. किती कमी जणी ते मागतात, हे त्यावरून कळलं.

निगा राखा, पैसे वाचवा

दीडशेचा रेनकोट दर वर्षी फाटतो. पाचशेचा नीट वापरला तर तीन हंगाम चालतो. मात्र ओला गुंडाळून ठेवला की आतला लेप चिकट होऊन सुटू लागतो. चुलीजवळ नको, कडक उन्हात नको. सावलीत, वाऱ्यावर वाळवा. धुण्याची पावडर आणि ब्रश वापरू नका, साध्या पाण्याने चिखल पुसून काढा. पावसाळा संपला की पूर्ण कोरडा करून टांगून ठेवा.

यंदा बाजारात निघण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा आणि कोण किती तास पावसात असतं ते बोटांवर मोजा. जो सगळ्यांत जास्त भिजतो, त्याची खरेदी आधी. बहुतेक घरांत ते नाव अम्मीचं निघेल, आणि ती नको म्हणेल. तरी घ्या.